मुंबई–नागपूर ६८३ किमी, वेग ताशी ८३० किमी, मग तिकिटावर दीड तासाच्या वर वेळ का?

वर्धारोड (प्रश्न)

मुंबई ते नागपूर हवाई अंतर नेटवर शोधलं तर कुठे ६८३, कुठे ६९७, कुठे ४२४, तर एका ठिकाणी ३६९ असं दिसतं. त्यातलं ६८३ किमी धरलं आणि एअरबस ए-३२० चा वेग ताशी ८३० किमी धरला, तर भागाकार ४९ मिनिटं येतो. तिकिटावर मात्र १ तास ३० मिनिटांपासून १ तास ४५ मिनिटांपर्यंत वेळ छापलेली असते. जाताना आणि येताना पुन्हा वेगळी.

माझे प्रश्न असे :

१. यातलं खरं अंतर कोणतं?
२. वरची चाळीस-पंचेचाळीस मिनिटं जातात कुठे? कंपन्या वेळ फुगवून छापतात हे कितपत खरं?
३. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून जाण्या-येण्यात फरक पडतो का?
४. नागपुरात सकाळी ११ वाजता सीताबर्डीला पोचायचंच आहे. निघायचं दादरहून. कोणतं विमान धरावं? की समृद्धी किंवा रात्रीची गाडी बरी?

---

गणिती

पहिल्या प्रश्नाचं उत्तर : चारही आकडे बरोबर आहेत, फक्त प्रत्येक जण वेगळी गोष्ट मोजतोय.

सांताक्रूझ-सहारचा विमानतळ साधारण १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. नागपूरचा सोनेगाव विमानतळ २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व. अक्षांशातला फरक २ अंश. एक अंश म्हणजे १११.२ किमी, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर २२२ किमी. रेखांशातला फरक ६.१८ अंश. पण रेखांशाचा अंश विषुववृत्तापासून वर जाताना आखडत जातो, म्हणून त्याला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. २०.०९ अंशांचा कोसाइन ०.९३९. म्हणजे पूर्व-पश्चिम अंतर ६४५ किमी. आता पायथागोरस : २२२ चा वर्ग अधिक ६४५ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ६८३. एवढ्या जवळच्या अंतराला पृथ्वीच्या गोलाईचं मोठं सूत्र लावायची गरज नाही, उत्तर किलोमीटरभरही हलत नाही. मुंबई–लंडनला मात्र हे करू नका, तिथे साफ फसाल.

६९७ हा आकडा विमानतळांचा नाही, शहरांच्या मध्यांचा आहे. एका टोकाला सीएसएमटी आणि दुसऱ्या टोकाला झिरो माइल धरलं की तेवढं भरतं. ४२४ म्हणजे तेच ६८३ किमी, साध्या मैलांत. ३६९ म्हणजे तेच सागरी मैलांत (१ सागरी मैल = १.८५२ किमी). विमानाची सगळी दुनिया सागरी मैल आणि नॉटवर (तासाला एक सागरी मैल) चालते. म्हणून ट्रॅकिंग अ‍ॅपवर ‘४५०’ दिसलं की विमान सावकाश चाललंय असं समजू नका. ते ४५० नॉट, म्हणजे ताशी ८३३ किमी.

नवी मुंबई विमानतळावरून मोजलं तर अंतर ६६७ किमीच्या आसपास येतं, १६ किमी कमी. त्याने वेळेत फरक पडतो जेमतेम मिनिटभराचा.

---

उंची३३०

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. तुमचा भागाकार चुकलेला नाही, पण ८३० हा वेग विमानाला सगळ्या वाटेवर मिळतच नाही. या मार्गावर तर निम्म्याहून कमी अंतर त्या वेगाने कापलं जातं.

तिकिटावरची वेळ म्हणजे ब्लॉक टाइम. चाकांपुढची अडण काढून विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि पलीकडे जागेवर उभं राहून पुन्हा अडण लागली की थांबतं. त्यात जमिनीवरचा सगळा प्रवास येतो. ए-३२० साठी मुंबई–नागपूरचा हिशोब साधारण असा लागतो :

पुशबॅक (विमान मागे ढकलणं) आणि इंजिनं सुरू करणं : ५ ते ७ मिनिटं.
टॅक्सी (विमानाचं जमिनीवरून चालत जाणं) आणि धावपट्टीच्या तोंडाशी रांग : १२ ते २० मिनिटं.
उड्डाणापासून ३३ हजार फुटांपर्यंत चढण : २० मिनिटं, सुमारे २०० किमी.
वरची सपाट वाटचाल : २१-२२ मिनिटं, सुमारे ३०० किमी.
उतरण आणि लँडिंग : २२ ते २५ मिनिटं, सुमारे २१० किमी.
नागपूरची टॅक्सी : ४-५ मिनिटं.

बेरीज करा. कमीत कमी १ तास २४, जास्तीत जास्त १ तास ३९. प्रत्यक्ष हवेत ६५ मिनिटांच्या आसपास.

चढणीला इतका वेळ लागतो कारण १० हजार फुटांखाली वेगमर्यादा २५० नॉट असते. वर गेल्यावर वेग वाढवतात, पण तेव्हाही इंजिनाची बरीच ताकद उंची मिळवण्यात जाते. ८३० चा आकडा येतो माख ०.७८ वरून. ३५ हजार फुटांवर बाहेर उणे ५४ अंश सेल्सिअस असताना ध्वनीचा वेग ताशी १,०६७ किमी भरतो, त्याच्या ०.७८ पट म्हणजे ८३२. खाली ही स्थिती नसते.

उतरणीचा वैमानिकांचा ठोकताळा सोपा आहे : दर हजार फुटांना ३ सागरी मैल. ३३ हजार फुटांवरून उतरायचं तर ९९ सागरी मैल, म्हणजे १८३ किमी आधीपासून सुरुवात हवी, शिवाय वेग कमी करायला थोडी जागा. म्हणजे सपाट भाग सुरू होतो छत्रपती संभाजीनगरच्या अलीकडे आणि अकोला-वाशिमच्या सुमारास संपतो. केबिन क्रूची चहापाण्याची गाडी या मार्गावर धावत का असते, त्याचं कारण हेच. पूर्ण केबिन उरकायला त्यांच्या हातात वीस-बावीस मिनिटं असतात.

---

धावपट्टीकाठ

वरच्या हिशोबात ७१० किमी भरतात, ६८३ नाही. ते सत्तावीस किलोमीटर कुठून आले ते सांगतो, कारण हा भाग कोणी सांगत नाही.

मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत, ०९/२७ आणि १४/३२ (आकड्याला दहाने गुणलं की त्या पट्टीवरच्या विमानाचा रोख अंशांत मिळतो), पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. व्यवहारात एकाच धावपट्टीचा विमानतळ म्हणा. वर्षातला बहुतेक काळ २७ चालते, म्हणजे विमानं घाटकोपर-कुर्ल्याच्या बाजूने येऊन उतरतात आणि पश्चिमेला जुहूकडे तोंड करून उडतात. नागपूर आहे पूर्व-ईशान्येला, उत्तरेपासून जवळपास ७० अंशांवर. म्हणजे तुमचं विमान आधी समुद्रावर जातं, उंची घेत वळतं आणि परत मुंबई ओलांडून निघतं. जे अंतर उलट दिशेला गेलं ते आणि वळसा, दोन्ही अंगावर पडतात.

नागपूरला पट्टी आहे १४/३२, लांबी ३,२०० मीटर. मुंबईकडून येणारं विमान साधारण ७३ अंशांच्या रोखाने येतं. पट्टी १४ मिळाली तर उजवीकडे ६७ अंश वळून उतरता येतं. ३२ मिळाली तर शहराच्या दक्षिणेने पुढे जाऊन डावीकडे ११० अंशांहून जास्त वळावं लागतं. दोन्हींत तीन-चार मिनिटांचा फरक सहज पडतो. कोणती मिळणार ते त्या वेळचा जमिनीवरचा वारा ठरवतो, कारण उतरायचं वाऱ्याला तोंड देऊन.

परतीला चित्र उलटं. नागपूरहून मुंबईला विमान २५३ अंशांच्या रोखाने येतं आणि २७ चा रोख २७० चा. जवळजवळ सरळ रेषा, वळसा नावालाच. कागदावर परतीचा प्रवास छोटा असायला हवा. पण मुंबईत तासाला सुमारे ४६ विमानांची ये-जा, तीही छेदणाऱ्या पट्ट्यांवर. मग आकाशात रांग लागते. एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रक) आधी वेग कमी करायला सांगतो, मग वाट लांबवतो, आणि तरी भागलं नाही तर होल्डिंगमध्ये, म्हणजे लांबट गोल घिरट्यांत, टाकतो. १४ हजार फुटांपर्यंत एक फेरी ४ मिनिटांची, त्याच्या वर ५ मिनिटांची. तीन फेऱ्या झाल्या की बारा-पंधरा मिनिटं गेली. म्हणून नागपूर–मुंबई तिकिटावर बऱ्याचदा ५-१० मिनिटं जास्त छापलेली दिसतील.

---

वर्धारोड

म्हणजे वेळ फुगवतात हे खोटं?

---

उंची३३०

पूर्ण खोटं नाही. उड्डाण वेळेवर धरायचं की उशिरा, याचा निकष १५ मिनिटांचा असतो. छापील वेळेपासून १५ मिनिटांच्या आत आलं तर ते वेळेवर. साहजिकच वेळापत्रक करणारा माणूस सगळ्यात चांगल्या दिवसाची वेळ छापत नाही. मागच्या मोसमात दहापैकी सहा-सात वेळा तरी जमेल अशी वेळ तो धरतो. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी लागतं आणि हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्याच विमानाची छापील वेळ दोन्हींत पाच-दहा मिनिटांनी वेगळी असू शकते.

पण हा सैलपणा फुकटचा नसतो. ब्लॉक टाइम वाढवला की वैमानिकाचे ड्युटीचे तास वाढतात आणि विमान दिवसाला एक फेरी कमी मारतं. त्यामुळे विनाकारण वेळ फुगवणं कंपनीलाच महाग पडतं. मध्यरात्रीच्या आणि सकाळी ९ च्या विमानाची छापील वेळ शेजारी शेजारी ठेवून बघा. दोन्हींतला फरक म्हणजे बहुतांशी मुंबईची रांग.

स्वतः तपासायचं असेल तर फ्लाइटरडार२४ वर विमानाचा क्रमांक टाका, मागच्या सात दिवसांची नोंद फुकट दिसते. एकच सावधगिरी : तिथे प्रत्यक्ष सुटण्याची जी वेळ असते ती चाकं जमिनीवरून सुटल्याची असते, जागेवरून हलल्याची नाही. म्हणून तिकिटावर ६:०० आणि तिथे ६:२२ दिसलं तर विमान २२ मिनिटं उशिरा निघालं असं होत नाही. ते कदाचित ५:५८ ला हललेलं असेल. उतरण्याची वेळही चाकं टेकल्याची असते.

---

गणिती

ज्यांना एवढं खोलात जायचं नाही त्यांच्यासाठी भारतातल्या जेट विमानांचा एक कामचलाऊ हिशोब : किलोमीटर भागिले ८००, त्याची मिनिटं करा आणि त्यात ४० ते ४५ मिळवा.

मुंबई–नागपूर ६८३ : ५१ + ४३ = ९४ मिनिटं.
मुंबई–दाबोळी (गोवा) ४२५ : ३२ + ४३ = ७५ मिनिटं.
मुंबई–दिल्ली १,१३८ : ८५ + ४५ = १३० मिनिटं.
पुणे–नागपूर ६०५ : ४५ + ४० = ८५ मिनिटं.

शेवटच्या ओळीकडे बघा. पुण्याच्या लोहगाव विमानतळाहून नागपूर जवळपास ८० किमी जवळ आहे, पण वेळ वाचते आठ-नऊ मिनिटंच. चढण, उतरण आणि टॅक्सी कुठूनही निघालात तरी चुकत नाहीत. अंतर जितकं कमी, तितका या ठरावीक वेळेचा वाटा मोठा.

एटीआर-७२ सारखं पंख्याचं विमान असेल तर हे सूत्र चालणार नाही. त्याचा वेग ताशी ५१० किमीच्या आसपास. नागपूरसाठी दोन तास धरा. छोट्या पल्ल्यावर मात्र, मुंबई–कोल्हापूरसारख्या, ते जेटच्या फार मागे पडत नाही. तिथे जेटलाही वेग घ्यायला जागा कुठे आहे?

---

वाराफिरला

तिसरा प्रश्न. पृथ्वीच्या फिरण्याने काहीही फरक पडत नाही. हवा पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान हवेत आहे. तसं नसतं तर जागच्या जागी तरंगणाऱ्या हेलिकॉप्टरखालून मुंबई निघून गेली असती.

फरक पडतो तो वरच्या वाऱ्याने. हिवाळ्यात उपोष्ण पश्चिमी झोत (वरच्या वेगवान वाऱ्याचा पट्टा) उत्तर भारतावर असतो आणि त्याची दक्षिणेकडची कड आपल्यावरही येते. नोव्हेंबर ते मार्च ३३-३६ हजार फुटांवर वारा पश्चिमेकडून, म्हणजे नागपूरला जाताना पाठीवर, येताना तोंडावर. पावसाळ्यात उलट. तेव्हा दक्षिण भारताच्या वर पूर्वेकडून वाहणारा झोत तयार होतो आणि मुंबई-नागपूरच्या उंचीवरही वारा पूर्वेचा होतो. खाली नैऋत्येचा मोसमी वारा आणि वर पूर्वेचा, म्हणून ढगांची दिशा बघून वरच्या वाऱ्याचा अंदाज बांधू नका.

मिनिटांत किती? ताशी ८० किमीचा वारा धरा. ३०० किमीच्या वरच्या टप्प्यावर पाठवारा असेल तर वेग ९१०, वेळ २० मिनिटं. तोंडवारा असेल तर ७५०, वेळ २४ मिनिटं. जाण्या-येण्यात फरक चार मिनिटांचा. एवढ्या छोट्या मार्गावर वाऱ्यापेक्षा मुंबईची रांग जास्त महाग पडते. वाऱ्याचा खरा खेळ बघायचा तर मुंबई–लंडन बघा, तिथे जाणं आणि येणं यांत तास-दीड तासाचा फरक सहज दिसतो.

जाताना विमान ३३, ३५ किंवा ३७ हजार फुटांवर असेल आणि येताना ३४ किंवा ३६ हजारांवर. पूर्वेकडे जाणाऱ्यांना विषम हजार, पश्चिमेकडे जाणाऱ्यांना सम, असा नियम आहे. समोरासमोरच्या विमानांत हजार फुटांचं अंतर राहावं म्हणून.

---

टर्मिनल_चहा

आता कामाचं. ११ ला सीताबर्डी हवं असेल तर सकाळी ६ च्या आसपास सुटणारं विमान धरा, ८ चं नको.

८ चं विमान साडेनऊला पोचतं, सामान घेऊन बाहेर यायला २०-२५ मिनिटं, वर्धा रोडने सीताबर्डी २५-३० मिनिटं. कागदावर साडेदहा. पण ८ चं विमान बहुतेक वेळा आधी कुठून तरी येऊन मग नागपूरला जातं. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्यात ते अडकलं की तुमचा उशीर मुंबईत आकाश निरभ्र असतानाही पक्का. पहाटेचं पहिलं विमान रात्रीच मुंबईत मुक्कामाला आलेलं असतं. उशीर दिवसभर साठत जातो, सकाळी पाटी कोरी असते. धुकं कधीकधी खुद्द नागपुरातही असतं, पण तिथली सकाळ दिल्लीइतकी वाईट नसते.

दादरहून मागे मोजत या :

६:०० सुटण्याची वेळ.
५:३५ गेट बंद (कंपनीनुसार २० ते २५ मिनिटं आधी, बोर्डिंग पासवर छापलेलं असतं).
५:०० सामानाचा काउंटर बंद. देशांतर्गत प्रवासाला साधारण ६० मिनिटं आधी बंद करतात आणि यात गयावया चालत नाही.
४:३० विमानतळाच्या दारात.
३:५० दादरहून टॅक्सी. त्या वेळी रस्ता मोकळा असतो, अर्धा तास पुरे, दहा मिनिटं पदरची धरली आहेत.

मेट्रो-३ ला टी-१ आणि टी-२ अशी दोन्ही टर्मिनलांची स्वतंत्र स्टेशनं आहेत, दादरहूनही चढता येतं. पण पहाटे चारला मेट्रो नसते. दुपारच्या विमानाला मात्र तिच्यासारखी दुसरी सोय नाही.

लोक सगळ्यात जास्त चुकतात ते टर्मिनलमध्ये. टी-१ सांताक्रूझ-विलेपार्ल्याच्या बाजूला, टी-२ सहारला. मधलं अंतर रस्त्याने ४-५ किमी. एकाच कंपनीची विमानं दोन्हींकडून सुटतात, आणि तिकीट काढल्यानंतरही टर्मिनल बदलू शकतं. आदल्या रात्री पुन्हा बघा. आणि आता तिसरी शक्यता आली आहे : २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमानं सुटतात. बुकिंगच्या पानावर दोन्ही ‘मुंबई’ म्हणून एकाच यादीत येतात. कोड बीओएम असेल तर सहार-सांताक्रूझ, एनएमआय असेल तर उलवे. पनवेल-खारघरच्या माणसाला एनएमआय वरदान आहे, दादरच्या माणसाने पहाटे तिकडे जायचं तर अटल सेतूचा टोल आणि टॅक्सीभाडं धरून तिकीट खरंच स्वस्त आहे का ते बघावं.

---

समृद्धी_७०१

रस्त्याचं मी सांगतो. समृद्धी महामार्ग ७०१ किमी, नागपूरच्या शिवमडक्यापासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत. शेवटचा इगतपुरी–आमणे हा ७६ किमीचा टप्पा ५ जून २०२५ ला उघडला, आणि त्यानंतरच पूर्ण मार्ग एकसलग झाला. गंमत बघा, हवाई अंतर ६८३ आणि रस्ता ७०१. रस्ता इतका सरळ आहे. रेल्वेचे मात्र सीएसएमटी–नागपूर ८३७ किमी होतात, कारण ती मनमाड-भुसावळ-अकोला-बडनेरा-वर्धा असा उत्तरेकडून वळसा घेते.

कारला मर्यादा ताशी १२०. पण सरासरी १०० च्या वर काढायची म्हणजे थांबायचंच नाही, ते करू नका. दर दीड-दोन तासांनी थांबा. समृद्धीवरचे ७०१ किमी साधारण आठ तासांत, त्यात मिळवा आमणे ते दादर दीड तास आणि शिवमडका ते सीताबर्डी अर्धा-पाऊण तास. म्हणजे दहा तास. निघण्याआधी टायर बघा : हवा गाडीच्या दारावर लिहिलेल्या आकड्याइतकी आणि टायर थंड असताना भरलेली. कमी हवेचा टायर मोठ्या वेगात जास्त दबतो, दर फेरीला त्याची बाजू वाकते आणि तापते, आणि एप्रिल-मेमध्ये काँक्रीट आधीच भाजत असतं. पाच-सहा वर्षांचा टायर असेल तर नक्षी शिल्लक असली तरी त्याच्या भरवशावर जाऊ नका. दुचाकीला प्रवेश नाही.

११ वाजता पोचायचं असेल तर पदरचा एक तास धरून रात्री १२ ला निघावं लागेल. एकटा चालवणारा असेल तर हा पर्याय बादच समजा. सरळ रस्त्यावर पहाटे तीन ते पाच झोप कशी लागते ते कळतही नाही.

---

टर्मिनल_चहा

रेल्वेचं राहिलं. रात्रीची दुरांतो साधारण ११ तास घेते, रात्री सव्वाआठच्या सुमारास सीएसएमटीहून सुटून सकाळी साडेसातच्या आत नागपूर स्टेशन. स्टेशनपासून सीताबर्डी दोन-अडीच किमी. दारापासून दारापर्यंत विमानाला साडेचार ते पाच तास लागतात, गाडीला साडेबारा, पण त्यातले आठ तुम्ही झोपलेले असता आणि पहाटे साडेतीनला उठावं लागत नाही. आरक्षण मिळत असेल तर ११ च्या कामाला मी दुरांतोच म्हणेन. वेटिंग असेल तर पहाटेचं विमान.

---

धावपट्टीकाठ

दोन सूचना, तारखा ठरवायच्या असतील तर.

पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एक दिवस, मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या देखभालीसाठी सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद ठेवतात. तारीख खूप आधी जाहीर होते आणि वेळापत्रक तसं आखलेलं असतं, पण त्या दिवशी ५ नंतरच्या दोन-तीन तासांत गर्दी असते. परतीचं विमान त्या संध्याकाळी घेऊ नका.

दुसरं, नागपूरहून येऊन मुंबईत परदेशाचं विमान पकडायचं असेल तर दोन्ही प्रवास एका तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं असतील तर पहिल्या विमानाच्या उशिराची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. शिवाय सामान काढून पुन्हा द्यावं लागतं आणि टी-१ वर उतरलात तर टी-२ ला जावं लागतं. चार तास हातात ठेवा. नवी मुंबईला उतरून सहारहून उडायचं, असं तर चुकूनही जोडू नका.

---

वर्धारोड

सगळ्यांचे आभार. दुरांतोचं वेटिंग ४० च्या पुढे आहे, त्यामुळे ६ चं विमान. एक शेवटचं आणि बिनकामाचं : खिडकी कोणत्या बाजूची घेऊ?

---

गणिती

जाताना उजवीकडची. सरळ वाट धरली तर विमान छत्रपती संभाजीनगरच्या जवळजवळ डोक्यावरून जातं, म्हणून ते शहर पोटाखाली लपतं. पण त्याच सुमारास उजवीकडे ४०-४५ किमीवर पैठणचा नाथसागर असतो, आणि तो एवढा मोठा आहे की चुकत नाही. लोणार त्याच्यापुढे, मुंबईपासून ४०० किमीवर. उड्डाणानंतर साधारण ३५ व्या मिनिटाला उजवीकडे तीसेक किमीवर बघा. १.८ किमी व्यासाचं विवर तिरक्या नजरेला लंबगोल दिसतं, कडेची गर्द झाडी आणि मध्ये पाणी. पंखाच्या बरोबर वरची रांग घेऊ नका, पंखच दिसतो.

अडचण एवढीच की सकाळी ६ च्या विमानात हिवाळ्यात ऊनही उजवीकडूनच येतं, अगदी डोळ्यांवर. परतीच्या विमानात हेच सगळं डावीकडे दिसेल.

---

वाराफिरला

जुन्या माहितीतलं एक, वेळेचाच विषय आहे म्हणून. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चारही दिशांकडून डाकोटा विमानं मध्यरात्री नागपूरला जमायची, टपालाच्या थैल्या आपसात बदलायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परत जायची. डाकोटाचा वेग ताशी पावणेतीनशे किमीच्या घरात, म्हणजे मुंबईहून एका बाजूला अडीच तास. त्या काळी छेदणाऱ्या धावपट्टीची रांग मात्र नव्हती.